परिसरभेदाने फसणाऱ्या चाचण्या : एक चिकित्सा

भाषाविज्ञानात 'परिसर' ही संज्ञा मानाची आहे. 'माझा' या शब्दातील झ आणि 'माझी' या शब्दातील झ यांचे उच्चार सारखे नाहीत. पहिला दंततालव्याकडे झुकलेला आणि दुसरा स्पष्ट तालव्य आहे. हा फरक बोलणाऱ्याच्या लहरीमुळे पडत नाही, पुढे येणाऱ्या स्वरामुळे पडतो. अभ्यासक तो स्वर नोंदवतो, त्याच्यासारखे दुसरे परिसर तपासतो आणि मगच नियम मांडतो. ज्या परिसरात ध्वनी बदलतो तो परिसर त्याच्या दृष्टीने अडथळा नसतो. स्पष्टीकरणाचे ते मुख्य साधन असते.

संगणकाच्या आज्ञावली रचणाऱ्यांच्या व्यवसायातही 'परिसर' हा शब्द रूढ आहे, पण तेथे त्याला नेमका उलट अर्थ चिकटला आहे. आज्ञावलीची एखादी चाचणी एका यंत्रावर उत्तीर्ण होते आणि दुसऱ्यावर अनुत्तीर्ण होते. तेव्हा 'परिसर वेगळा आहे' असे सांगितले जाते आणि हे उत्तर मिळाले की चौकशी थांबते. जेथून चौकशी सुरू व्हावयाची तेथेच ती संपते. या व्यवसायातील ही सवय चिकित्सेला पात्र आहे, कारण तिची किंमत प्रायः आज्ञावली रचणारा मोजत नाही. ज्याचा परिसर चाचणीत कधी आलाच नाही असा वापरणारा ती मोजतो, आणि मराठी भाषक हा बहुधा त्यांपैकी एक असतो.

प्रथम संज्ञा निश्चित करणे इष्ट होईल. आज्ञावलीचा मूळ मजकूर, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेली संहिता, यंत्रास चालवता येईल अशा रूपात आणण्याच्या क्रियेस 'बांधणी' (व्यवसायात सर्रास 'बिल्ड') म्हणतात. बांधणीनंतर चाचण्या चालवल्या जातात. विशिष्ट आदान दिले असता विशिष्ट प्रदान मिळाले पाहिजे, एवढेच चाचणीचे म्हणणे असते. परंतु संहिता एकटी कधीच नसते. तिच्याभोवती यंत्रणेची आवृत्ती असते, तिने उसनी घेतलेली ग्रंथालये असतात, फायली ठेवण्याची पद्धती असते, घड्याळाचा कालविभाग असतो. शिवाय 'लोकेल' असते, म्हणजे कोणत्या भाषेच्या व प्रदेशाच्या रूढीने अंक, दिनांक व अक्षरक्रम लिहावयाचे याची नोंद. या साऱ्यांचा समुच्चय म्हणजे परिसर होय. लेखनाच्या दृष्टीने संहिता स्वयंपूर्ण दिसते, अर्थाच्या दृष्टीने ती तशी नसते. हे वाक्य कोणत्याही भाषेतील उक्तीलाही लागू पडते, हे भाषेच्या अभ्यासकाला सांगावयास नको.

कधी उत्तीर्ण तर कधी अनुत्तीर्ण होणाऱ्या चाचणीला व्यवसायात 'लहरी' म्हणतात. हे नाव घातक आहे. भाषाविज्ञानात दोन रूपे कोणत्याही नियमाविना एकमेकांच्या जागी येतात असे आढळले, तर त्यास मुक्त विचरण म्हणतात. पण हा शिक्का मारण्यापूर्वी सर्व संभाव्य परिसर तपासून संपले पाहिजेत, अशी शिस्त आहे. पुष्कळदा 'मुक्त' वाटलेले विचरण अभ्यासकाने अजून न पाहिलेल्या कारणाने बद्ध असल्याचे पुढे उघडकीस येते. काही चाचण्या खरोखरच अनियत असतात. एकाच वेळी चालणाऱ्या दोन प्रक्रियांपैकी कोणती आधी संपेल हे निश्चित नसेल, तर निकाल डळमळणारच. पण एका यंत्रावर शंभर वेळा उत्तीर्ण आणि दुसऱ्यावर शंभर वेळा अनुत्तीर्ण होणारी चाचणी लहरी नाही. ती अत्यंत नियमबद्ध आहे. नियम अजून सापडलेला नाही, इतकेच.

हा नियम कसा लपतो, याचे एक उत्तम उदाहरण 'नोड' या यंत्रणेच्या इतिहासात सापडते. नोडमध्ये अंक व दिनांक त्या त्या भाषेच्या रूढीने लिहून देण्याचे काम आयसीयू नावाचे ग्रंथालय करते. त्या ग्रंथालयाला लागणारी भाषाविषयक सामग्री सीएलडीआर नावाच्या संग्रहातून येते. युनिकोड कन्सॉर्शियम हा संग्रह सांभाळते. ही सामग्री आकाराने मोठी असल्याने २०१९ च्या ऑक्टोबरात तेरावी आवृत्ती येईपर्यंत नोडच्या अधिकृत बांधणीत केवळ इंग्रजीची सामग्री घातलेली असे. डेबियनसारख्या लिनक्स-वितरणातील नोड मात्र त्या यंत्रणेवर आधीच असलेल्या संपूर्ण आयसीयूला जोडून बांधलेला असे. अर्थात् आवृत्तीचा क्रमांक तोच, संहिता तीच, पण बांधणी करताना दिलेला एक पर्याय निराळा.

आता एक लाख तेवीस हजार चारशे छपन्न ही संख्या मराठी रूढीने लिहून द्यावी, अशी आज्ञा दोन्ही ठिकाणी दिली असे समजा. पूर्ण सामग्री असलेल्या बांधणीतून देवनागरी अंकांत '१,२३,४५६' मिळेल. इंग्रजीपुरत्या बांधणीतून रोमन लिपीबरोबर येणाऱ्या अंकांत, तीन-तीनच्या गटांनी, लाखाच्या जागी स्वल्पविराम न देता तीच संख्या मिळेल. अंक बदलतातच, पण गणनेची रीतही बदलते. लाख-कोटीची मोजणी नाहीशी होऊन हजार-दशलक्षाची येते.

या प्रकारात सर्वांत आक्षेपार्ह गोष्ट ही, की यंत्रणा काहीच बोलत नाही. मराठीची सामग्री येथे नाही, असा इशारा मिळत नाही. मागितलेली भाषा न सापडल्यास तिच्याहून व्यापक नोंदीकडे आणि तीही न सापडल्यास यंत्रणेच्या मूळ भाषेकडे वळावे, असा दंडक आहे आणि तो मूकपणे पाळला जातो. दुभाष्याला मराठी येत नसल्याने त्याने न सांगता इंग्रजीत बोलावयास लागावे, तसाच हा प्रकार आहे. मोडून न पडता काम चालू राहावे हा हेतू वाईट नाही. पण त्याचा परिणाम असा होतो, की ज्या प्रोग्रॅमरने इंग्रजीपुरत्या बांधणीवर आपली चाचणी लिहिली, त्याने मिळालेले प्रदान हेच अपेक्षित प्रदान म्हणून नोंदवून ठेवले. पुढे पूर्ण सामग्रीची बांधणी आली आणि चाचणी 'फसली'. वस्तुतः ती प्रथमच खरे बोलली. परिसराला दोष देणाऱ्याला हा भेद कळतच नाही, कारण कोणता निकाल योग्य हा प्रश्नच तो विचारीत नाही. कोणता निकाल आधीचा, एवढेच तो पाहतो.

जावा या यंत्रणेतील उदाहरण याहून बोलके आहे. तिच्या आठव्या आवृत्तीपर्यंत भाषाविषयक सामग्री जावाची स्वतःची होती. तीत हिंदी होती आणि तिचे अंक देवनागरी होते. मराठी नव्हतीच, म्हणून मराठी मागणाऱ्याला रोमन अंक मिळत. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या नवव्या आवृत्तीपासून जावाने सीएलडीआरची सामग्री मूळ म्हणून स्वीकारली. त्या संग्रहात मराठीचे स्वाभाविक अंक देवनागरी नोंदलेले आहेत आणि हिंदीचे रोमन. म्हणजे एकाच आवृत्तिबदलात मराठी रोमन अंकांकडून देवनागरीकडे गेली आणि हिंदी देवनागरीकडून रोमनकडे आली! दोन भगिनीभाषा, एकच लिपी आणि विरुद्ध दिशांनी प्रवास. भाषिक दृष्ट्या पाहिले तर मराठीविषयीची नोंद समर्थनीय आहे, कारण मराठी ग्रंथ व वृत्तपत्रे आजही देवनागरी अंक छापतात. हिंदीविषयीची नोंदही निराधार नव्हे. संघराज्याच्या शासकीय प्रयोजनांसाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप वापरावे, असे संविधानाच्या ३४३ व्या अनुच्छेदातच आहे. तेव्हा येथे 'चूक' कोणाची, याचे उत्तर यंत्रशास्त्रात सापडणारे नाही.

नवव्या आवृत्तीनंतरही गुंता संपला नाही. इंग्रजीखेरीज इतर भाषांची सामग्री तीत एका स्वतंत्र भागात ठेवलेली आहे. आकार लहान करण्यासाठी गरजेपुरतेच भाग जोडून जावाची छाटलेली बांधणी करता येते. त्यात तो भाग राहून गेला, तर मराठी पुन्हा रोमन अंकांवर येते, आणि तेही मुकाट्याने. प्रोग्रॅमरच्या मेजावरील पूर्ण जावा देवनागरी अंक देते. ज्या छोट्या बांधणीत आज्ञावली प्रत्यक्ष लोकांपुढे जाते, ती रोमन अंक देते. चाचणी मेजावर झालेली असल्याने ती उत्तीर्ण असते.

येथे एक उपकथा सांगण्यासारखी आहे. देवनागरी अंकांत लिहिलेली संख्या पुन्हा वाचून तीच मिळते की नाही, अशी चाचणी जावात केली तर ती उत्तीर्ण होते, कारण जावाचे पूर्णांक वाचणारे साधन देवनागरी अंक ओळखते. पायथनचेही ओळखते. जावास्क्रिप्टमध्ये मात्र 'ही संख्याच नव्हे' असे उत्तर येते. म्हणून जावात लिहिलेला भाग देवनागरी अंकांत दस्तऐवज पाठवितो, आपल्या चाचणीत तोच वाचून समाधान पावतो आणि पलीकडील जावास्क्रिप्टचा भाग त्यावर अडखळतो. स्वतःचेच लेखन स्वतः वाचणारी चाचणी ही फार दुबळी साक्ष असते. पोथी लिहिणाऱ्यानेच ती वाचून शुद्ध ठरवावी, त्यातलाच हा प्रकार.

आतापर्यंतची उदाहरणे निदान डोळ्यांना दिसणारी आहेत. याहून अवघड वर्ग आहे तो न दिसणाऱ्या भेदांचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सीएलडीआरची ४२ वी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीत इंग्रजी वेळेच्या लेखनात तास-मिनिटे आणि पूर्वाह्ण-अपराह्णाची खूण यांमधील साधी मोकळी जागा काढून तेथे 'अरुंद, न तुटणारी' मोकळी जागा घालण्यात आली. ओळीच्या शेवटी वेळेचे दोन तुकडे पडू नयेत, हा हेतू. मुद्रणाच्या दृष्टीने तो योग्यच आहे. मार्च २०२३ मध्ये जावाची विसावी आवृत्ती ही सामग्री घेऊन आली. असंख्य चाचण्या फसल्या आणि त्यांच्या अहवालांत अपेक्षित व प्रत्यक्ष अशी दोन प्रदाने एकाखाली एक छापली गेली. ती डोळ्यांना तंतोतंत एकच होती. क्रोम व नोड ज्या जावास्क्रिप्ट-यंत्रावर चालतात, त्याने पुढे साधी जागा परत आणली. जावाने नवी ठेवली. त्यामुळे त्याच आवृत्तीची भाषासामग्री वापरणारे दोन परिसरही एकसारखे बोलत नाहीत.

अशा प्रसंगी अक्षरे पाहून उपयोग नसतो, त्यांचे संकेतांक पाहावे लागतात. मराठीच्या वाचकाला हे पटण्यास दूर जावयास नको. या लेखाच्या शीर्षकातील 'फसणाऱ्या' हा शब्दच पाहावा. त्यातील अर्धा र युनिकोडात तीन रीतींनी लिहिलेला आढळतो. ऱ हे एकसंध अक्षर घेऊन त्यास हलन्त जोडावा, ही एक रीत. साधा र, त्याखाली नुक्ता आणि मग हलन्त, ही दुसरी. साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक, ही तिसरी. कागदावर वा पडद्यावर तिन्ही रूपे सारखीच उमटतात. पहिल्या दोन रीती युनिकोडच्या मते समानार्थी असून प्रमाणीकरणाच्या ठराविक क्रियेने त्या एकरूप होतात. तिसरी होत नाही.

आता 'दऱ्या' या नावाची फाईल तयार करून नंतर त्या कप्प्यातील नावांची यादी वाचावी, अशी एक साधी चाचणी कल्पावी. लिनक्सवरील नित्याची फाईलपद्धती नावाचे संकेतांक दिले तसे परत करते. ॲपलची जुनी पद्धती, एचएफएस प्लस, नाव साठवतानाच त्याची फोड करी. एकसंध ऱ देऊन बनविलेली फाईल र आणि नुक्ता होऊन परत येई. चाचणी तेथे फसे, लिनक्सवर उत्तीर्ण होई. २०१७ पासून ॲपलने आणलेली एपीएफएस ही पद्धती नावाचे दिलेले रूप जपते. त्यामुळे ॲपलच्या दोन यंत्रांवरही निकाल वेगळे येऊ शकतात. 'मॅकवर फसते, लिनक्सवर चालते' अशी नोंद येथे कितपत पुरेशी आहे, हे सांगणे नको. भेद यंत्राचा नाही, फाईलपद्धतीचाही केवळ निमित्तापुरता आहे. दोन नावे एकच केव्हा मानावयाची, हे संहितेने ठरविलेलेच नव्हते.

अक्षरक्रमाचे प्रकरण थोडक्यात आटोपता येईल. लिनक्सच्या बहुसंख्य वितरणांत वापरल्या जाणाऱ्या जी-लिब-सी या ग्रंथालयाची २.२८ ही आवृत्ती ऑगस्ट २०१८ मध्ये आली आणि तिने अक्षरक्रमाची सामग्री नव्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार बदलली. त्यापूर्वी अमेरिकी इंग्रजीच्या लोकेलात 'अकरा' ही आकडी नोंद 'एक-संयोगचिन्ह-एक' या नोंदीच्या आधी येई, त्यानंतर ती मागाहून येऊ लागली. चाचण्या तर फसल्याच, पण पोस्टग्रेस या माहितीकोशाच्या जुन्या क्रमाने रचलेल्या सूची नव्या यंत्रणेवर नेल्यावर असलेली नोंदही सापडेना. ज्यांनी फसलेली चाचणी 'परिसराचा दोष' म्हणून बाजूस सारली होती, त्यांना तो इशारा किती मोलाचा होता हे नंतर कळले असेल. तुर्की भाषेचे उदाहरण याहून जुने व अधिक प्रसिद्ध आहे. तुर्कीत बिंदुयुक्त आणि बिंदुरहित असे दोन 'आय' असून मोठ्या लिपीतील बिंदुरहित आयचे लहान रूपही बिंदुरहितच असते. पीएचपी या भाषेत वर्गांची नावे लहान अक्षरांत आणताना चालू लोकेल वापरले जाई, म्हणून तुर्की लोकेलात काही वर्ग सापडत नसत. याची तक्रार २००२ मध्ये नोंदली गेली. दोष दूर झाला तो ५.५ या आवृत्तीत, २०१३ मध्ये. अकरा वर्षे! दोष समजण्यास अवघड होता म्हणून एवढा काळ लागला, असे दिसत नाही. ज्यांच्या यंत्रावर तो घडत नव्हता त्यांच्या हाती दुरुस्ती होती, हे कारण अधिक संभवते.

आता निदानाच्या पद्धतीकडे वळावे. न्यूनतम युग्म ही भाषाविज्ञानातील कल्पना येथे जशीच्या तशी उपयोगी पडते. 'चार' आणि 'चारा' या शब्दांत च वेगळा आहे, पण शब्दांतील इतर अंगही वेगळे असल्याने त्यांवरून थेट निष्कर्ष काढता येत नाही. 'जग', म्हणजे विश्व, आणि 'जग', म्हणजे जिवंत राहा, यांत फक्त ज वेगळा आहे, म्हणून ते युग्म निर्णायक ठरते. उत्तीर्ण परिसर आणि अनुत्तीर्ण परिसर यांत प्रथमदर्शनी शेकडो भेद असतात. त्यांची यादी करून तिच्यातील निम्मे भेद एका बाजूकडून दुसरीकडे नेऊन पाहावे आणि निकाल कोणत्या निम्म्याबरोबर हलतो हे टिपावे. मग त्या निम्म्याचे पुन्हा दोन भाग करावेत. शंभर भेद असले तरी कारण एकच असेल, तर सात वेळांत ते हाती येते. क्वचित दोन कारणे मिळून परिणाम घडवितात, तेव्हा ही पद्धत अडखळते, पण तेवढ्याने ती टाकून देण्याचे कारण नाही. कालविभागाचा भेद हा या यादीत सर्वांत आधी तपासण्याजोगा असतो. विशेषतः भारतात, कारण येथील घड्याळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे आणि चाचण्या चालविणारी दूरची यंत्रे बहुधा जागतिक वेळेवरच असतात. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतचा प्रत्येक क्षण तेथे आदल्या दिवशी पडतो.

व्यवसायाने मात्र या पद्धतीपेक्षा वेगळा मार्ग पत्करला आहे. परिसरभेद शोधण्याऐवजी तो नाहीसा करावा, असा तो मार्ग. लोकेल ठरविणाऱ्या चलाला 'सी' हे मूल्य द्यावे, म्हणजे सर्व भाषांच्या रूढी बंद होऊन केवळ संकेतांकांचा क्रम राहतो. अथवा २०१३ पासून प्रसृत झालेल्या डॉकरसारख्या साधनाने परिसरच एका पेटीत बंद करून सर्वत्र तोच न्यावा. या उपायांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. ज्याचे प्रदान पुन्हा यंत्रच वाचणार आहे, उदाहरणार्थ बांधणीत तयार होणारी फायलींची यादी, तेथे 'सी' लोकेल हेच योग्य उत्तर आहे. तेथे भाषेची रूढी आणणे हाच दोष. पण हाच उपाय सरसकट सर्व चाचण्यांना लावला जातो तेव्हा त्याचे स्वरूप पालटते. डेबियनवर आधारलेल्या नित्याच्या पेट्यांत लोकेल नेमलेलेच नसते, म्हणून ते 'सी'सारखेच वागते. अल्पाइन नावाची लोकप्रिय छोटी पेटी तर मस्ल हे ग्रंथालय वापरते आणि त्यात अक्षरक्रमाला लोकेलच नाही. अशा पेटीत जन्मलेल्या व तेथेच तपासलेल्या आज्ञावलीला जगात भाषा अनेक आहेत हे कळण्याचा प्रसंगच येत नाही. सर्व बोलींमधील विचरण नाहीसे करण्यासाठी एकाच बोलीच्या एकाच भाषकाची साक्ष घ्यावी आणि तिला 'भाषा' म्हणावे, असे एखाद्या क्षेत्राभ्यासकाने केले तर त्याच्या प्रबंधाला कोणी मान्यता देणार नाही.

याच्या उलट वृत्तीचेही एक उदाहरण आहे आणि ते आवर्जून सांगण्यासारखे आहे. एकाच संहितेपासून कोठेही बांधणी केली तरी शेवटचे फलित बिंदुमात्र न बदलता तेच आले पाहिजे, या ध्येयाने डेबियनमध्ये २०१३ पासून पद्धतशीर काम सुरू झाले. तेथील कार्यकर्त्यांनी परिसर गोठवला नाही, तो मुद्दाम बदलला. एकच संहिता दोनदा बांधावयाची आणि दुसऱ्या वेळी कालविभाग, लोकेल, यंत्राचे नाव, वापरणाऱ्याचे नाव, बांधणीचा मार्ग वेगळे ठेवावयाचे. घड्याळही वर्षाहून अधिक पुढे सरकवावयाचे. फायलींची यादी उलटसुलट क्रमाने देणारी एक फाईलपद्धतीही यासाठी बनविली गेली. दोन फलिते भिन्न आली की संहितेत परिसरावर अवलंबून असलेले काहीतरी आहे हे सिद्ध झाले. मग ते शोधावयाचे. बांधणीचा दिनांक फलितात शिरतो, हा फार सामान्य दोष आढळला. त्यावर 'सोर्स डेट इपॉक' या नावाचा, दिनांक बाहेरून निश्चित करून देणारा संकेत २०१५ मध्ये ठरला. येथे परिसराला आरोपी न करता साक्षीदार केले आहे. एकसारखेपणा हेच ध्येय असताना त्यांनी भेद वाढवून ते गाठले, ही या कार्याची खरी विशेषता.

तथापि डेबियनचा आदर्शही सर्वत्र लावता येत नाही, कारण त्यात भेद हा नेहमी दोषच ठरतो. फलित जेथे माणसाने वाचावयाचे आहे तेथे भेद हेच योग्य वर्तन असू शकते. मराठी वाचकाला '१,२३,४५६' आणि अमेरिकी वाचकाला त्याच्या रीतीची संख्या दिसावी, यात बिघाड कसला? म्हणून फसलेल्या चाचणीचे कारण सापडल्यावर एक प्रश्न उरतोच आणि त्याचे उत्तर कोणतीही निम्मे-निम्मे करण्याची पद्धत देत नाही. हे प्रदान कोणासाठी आहे? यंत्रासाठी असेल तर संहितेने भाषानिरपेक्ष लेखन स्पष्टपणे मागितले पाहिजे. चालू लोकेलावर विसंबणे हा संहितेचा दोष ठरेल. माणसासाठी असेल तर दोष चाचणीचा, कारण तिने भाषेच्या एका रूढीला, किंबहुना त्या रूढीच्या एका आवृत्तीतील नोंदीला, शाश्वत मानले. आणि मागितलेल्या भाषेची सामग्रीच बांधणीत नसेल, तर दोष बांधणीचा. त्याची जाणीव करून देणारी स्वतंत्र चाचणी असावयास हवी, म्हणजे मौन पाळणाऱ्या यंत्रणेला बोलते करता येईल. जावातील मराठी अंकांचे प्रकरण या तिन्ही प्रकारांत घडू शकते आणि तिन्ही ठिकाणी अहवालातील ओळ एकच असते.

या दृष्टीने पाहता, चाचण्या चालविल्या जाणाऱ्या परिसरांच्या यादीत मराठी लोकेलाची एक फेरी घालणे ही मराठीवर मेहरबानी नव्हे. देवनागरी अंक, लाखाची गटवारी, साडेपाच तासांचा कालभेद आणि तीन रीतींनी लिहिला जाणारा अर्धा र एवढ्या परीक्षा एका फेरीत घेणारा परिसर सहसा मिळत नाही. या फेरीत अपेक्षित प्रदान नोंदवताना मात्र ते सीएलडीआरच्या कोणत्या आवृत्तीतून आले, हेही शेजारी नोंदविले पाहिजे. मराठीची नोंदही त्या संग्रहात आवृत्तीगणिक सुधारली जाते, आणि महिन्याच्या संक्षिप्त नावानंतर पूर्णविराम द्यावा की नाही असल्या बारीक प्रश्नांवरही तीत पुढे बदल होऊ शकतो. तसा बदल झाला म्हणजे फसणारी चाचणी संहितेविषयी काही सांगत नसेल. ती मराठी लेखनरूढीविषयीच्या एका निर्णयाची वार्ता देत असेल आणि तो निर्णय तपासण्याचे काम प्रोग्रॅमरचे नसून भाषेच्या अभ्यासकाचे असेल.